आवाजांची डबलबारी: दोन कल्पना रंगमंचावर भिडवताना

प्रश्न थोडक्यात असा. दोघे मित्र, दोन लॅपटॉप, शंभर-सव्वाशे खुर्च्यांचा छोटा हॉल, चाळीस मिनिटांचा प्रयोग. एकाकडे 'घाई', दुसऱ्याकडे 'निवांतपणा'. वर्षभर शहरात हिंडून दोघांनी आवाज टिपलेत आणि आता समोरासमोर बसून ते एकमेकांवर सोडायचेत. निवेदन नाही, संवाद नाहीत. दोन तालमी झाल्या, दोन्ही वेळा नुसता कल्ला झाला. वर घाईच दर वेळी जिंकते, कारण ती मुळातच मोठ्या आवाजाची. शेवटी विचारलंय, कुठलं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे दोन्ही बाजू स्पष्ट ऐकू येतील?

मी १९ वर्षं प्रायोगिक नाटकांचं ध्वनीचं काम करतोय. अशा झुंजी आजवर पाच लावल्या. दोन जमल्या, एक बरी झाली, दोन सपशेल पडल्या. खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्या पडलेल्या दोनांनी शिकवलेलं आहे.

सॉफ्टवेअरचं आधी उरकतो. हाताला सवय असेल ते वापरा. कापाकापीला ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि पुरतं. प्रयोगात क्लिपा सोडायला एबलटन असेल तर उत्तम, नसेल तर कळ दाबली की एक आवाज वाजेल असा कुठलाही साधा सँपलर चालेल. कल्ला सॉफ्टवेअरमुळे होत नाहीये.

असं धरून चाला की उद्या दोन्ही बाजू लख्ख ऐकू आल्या. डावीकडून लोकलचा खडखडाट, उजवीकडून झोपाळ्याच्या कड्यांची करकर. प्रेक्षक मनात म्हणेल, ही लोकल, हा झोपाळा. मग? पाच मिनिटांत त्याची ओळखपरेड संपते आणि तो घड्याळ बघायला लागतो. तुम्ही दोघं आपापलं म्हणणं मांडताय, पण एकानेही दुसऱ्याचं ऐकलंय याचा पुरावा प्रेक्षकाला मिळत नाही. तुमची अडचण इथे आहे असं मला वाटतं.

आपल्याकडे ही गोष्ट फार आधी सोडवून ठेवलेली आहे. कलगी-तुऱ्यात कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. कल्पना म्हणाल तर तुमच्यापेक्षा कितीतरी अवघड. तरी गावातला माणूस रात्र रात्र ते ऐकत बसायचा. कारण एका शाहिराने डफावर भेदिक कोडं टाकलं की दुसऱ्याला ते कोडं धरूनच बोलावं लागतं. त्याने ते सोडून स्वतःचंच दुसरं काही चालू केलं, तर गाणं कितीही सुरेल असो, ते उत्तर ठरत नाही. सिंधुदुर्गातली डबलबारी भजनं ऐकली असतील तर तिथेही तेच. एक बुवा गातो तेव्हा दुसरा बुवा कान टवकारून बसलेला असतो आणि आपल्या बारीत आधीच्याच्या शब्दाला टोला हाणतो. लोक त्या टोल्याची वाट बघत असतात. जमैकात साउंड सिस्टिमवाल्यांच्या, म्हणजे मोठाले स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्या ताफ्यांच्या, झुंजी होतात तिथे समोरच्याचं नाव घेऊन खास त्या रात्रीसाठी गाऊन घेतलेली तबकडी वाजवतात. समुद्र वेगळा, खोड तीच.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि बाकी सगळं त्याच्यामागून येतं: उत्तराच्या प्रत्येक बारीत समोरच्याच्या आवाजाचा एक तरी दाणा असलाच पाहिजे. तो उलटवलेला असेल, ताणलेला असेल, चिरडलेला असेल, पण कानाला ओळखू आला पाहिजे.

हे करायचं कसं? मी तीन युक्त्यांवर भागवतो.

पहिली, वेग. सिग्नल सुटल्याबरोबर मागचा रिक्षावाला जो हॉर्न मारतो तो घ्या आणि पाव वेगाने वाजवा. आवाज दोन सप्तकं खाली येतो आणि बंदरातल्या बोटीच्या भोंग्यासारखा लांबतो. घाईचा सगळ्यात तापट सैनिक निवांतपणाच्या तंबूत जाऊन झोपला. उलट झोपाळ्याची करकर चौपट वेगाने सोडली तर ती चिरकी आणि चिडखोर होते, जणू कुणी दाराची कडी वाजवतंय आणि दार उघडत नाहीये.

दुसरी, डोकं उडवणं. कुठल्याही आवाजाची पहिली ठिणगी कापून टाका. पॅरिसमध्ये रेडिओवरच्या पिएर शेफर नावाच्या अभियंत्याने १९४८ साली हे करून पाहिलं होतं. घंटेचा ठोका काढून टाकला आणि नुसता मागचा नाद ठेवला, तर ती घंटा वाटतच नाही, फुंकून वाजवलेलं काहीतरी वाटतं. कान वस्तू ओळखतो ते बहुतेक त्या सुरुवातीच्या क्षणावरून. तो काढला की आवाज पोरका होतो आणि मग कुणीही त्याला दत्तक घ्यावं.

तिसरी, पुन्हापुन्हा. त्याच शेफरने त्याच वर्षी रेल्वेच्या आवाजांचा एक छोटा तुकडा केला, तोही तबकड्यांवर, कारण टेप त्याच्या हाती अजून आलेली नव्हती. तबकडीची एक खाच बंद केली की सुई तिथेच फिरत राहते आणि एकच आवाज गिरवला जातो. आठ-दहा फेऱ्यांनंतर इंजिन विसरायला होतं आणि नुसता ताल उरतो. याचा धोकाही इथेच आहे. तुम्ही स्वतःच्याच आवाजाचा लूप लावून ठेवलात तर तुमची कल्पना विरघळते. लूप शत्रूच्या आवाजाचा करायचा असतो. तालमीत कल्ला झाला त्यात किती लूप चालू होते ते मोजा. मला वाटतं पाचच्या वर निघतील.

समोरच्याचा आवाज तुमच्या लॅपटॉपमध्ये येणार कसा, हा प्रश्न लगेच येईल. मिक्सरच्या ऑक्झिलरी सेंडमधून, म्हणजे आवाज वेगळा बाहेर काढायच्या वाटेने, एकाचा चॅनेल दुसऱ्याच्या साउंडकार्डात देता येतो आणि तिथल्या तिथे टिपून उलटवता येतो. दिसायला झकास. फक्त मुख्य आउटपुट देऊ नका, नुसता त्या एका माणसाचा चॅनेल द्या. आणि आलेला आवाज टिपा, थेट पुढे वाजू देऊ नका. नाहीतर त्याचं तुमच्याकडे, तुमचं त्याच्याकडे असं गोल फिरून अशी कुई निघेल की पहिल्या रांगेतली माणसं परत यायची नाहीत. तुमचा पहिलाच प्रयोग आहे, तेव्हा माझा सल्ला साधा: प्रयोगाच्या दहा दिवस आधी एकमेकांना आवाजांची पिशवी देऊन टाका. उत्तरं घरी बसून घडवा, रंगमंचावर फक्त कुठलं उत्तर कधी काढायचं ते ठरवा. शीघ्रकवीसुद्धा खिशात चार ओळी घेऊनच फडात उतरत असणार अशी माझी दाट शंका आहे.

पिशवी लहान ठेवा. वर्षभराचे आवाज म्हणजे शेकड्यांत असतील. प्रत्येकी बारा निवडा. प्रेक्षकाला एकदा ऐकलेला आवाज दुसऱ्यांदा वेगळ्या रूपात आला हे कळायला हवं असेल, तर तो आधी त्याच्या लक्षात राहायला हवा. साठ आवाज कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

आणि या बारांखेरीज चार आवाज सामाईक असू द्या, म्हणजे दोघांनाही आपलेच वाटतील असे. कुकरची शिटी घ्या. सकाळी सातला ती डब्याची घाई आहे. रविवारी अकराला तीच शिटी म्हणजे 'तिसरी झाली की गॅस बंद कर' असं म्हणून कुणीतरी पेपरात परत डोकं घालणं. स्टेशनवरची घोषणा: गाडी येतेय म्हणून धावाधाव आणि गाडी उशिरा आहे म्हणून बाकड्यावर बसकण, दोन्ही त्याच टिंगटाँगच्या मागून. पाणी यायच्या आधी नळ जो खोकतो तो आवाजही असाच. झुंज खरी पेटते ती या चार आवाजांवरून. बाकीचे चोवीस आपापल्या बाजूने साक्ष द्यायला.

हे मला कळलं कसं ते सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे. माझी पहिली झुंज होती 'गाव विरुद्ध शहर'. गावाकडे गुरांच्या घंटा, पाखरं, ओढा. शहराकडे हॉर्न, ड्रिलमशीन, गर्दी. सातव्या मिनिटाला मी मागे उभा राहून पाहिलं तर लोक प्रेमळ, समजूतदार चेहऱ्याने बसले होते. ज्यांना निकाल आधीच माहीत आहे अशा लोकांचा चेहरा. मी त्यांना त्यांचंच मत ऐकवत होतो. पुढच्या महिन्यात मामाच्या गावी गेलो आणि पहाटे पाचला भोंग्यावरच्या गाण्याने उठलो. मग पिठाची गिरणी सुरू झाली, मग विहिरीवरची मोटर, मग ट्रॅक्टर आणि त्याच्यावरचं डीजेचं गाणं. रात्री तीन वाजता एकटा कोकिळ ओरडताना मी ऐकलाय तो दादरच्या एका बोळात. हे आवाज माझ्या प्रयोगात असते तर दोन्ही बाजूंना काही उत्तर द्यावं लागलं असतं. तुमच्या निवांतपणाच्या पिशवीत नुसती पाखरं, पाऊस आणि तानपुरा असेल तर आत्ताच बाहेर काढा. सरकारी कचेरीतला पंखा, दवाखान्यातल्या बाकावरचा खोकला, आजोबांचं कूस बदलणं हे आत घाला. निवांतपणात कंटाळा असतो, थोडी भीतीही असते. घाईतही मजा असते. दारू पिऊन नाचल्यासारखी नाही, धावती गाडी पकडल्यावर छातीत जी असते ती.

इथपर्यंतचं एका दमात: उत्तरात समोरच्याचा दाणा, बारा अधिक चार आवाज, आणि दोन्ही बाजूंना स्वतःविरुद्धचा थोडा पुरावा. आता मोठ्या आवाजाची बाजू जिंकते त्याकडे येऊ. त्यात हॉलवर बरंच अवलंबून आहे आणि तुमचा हॉल मी पाहिलेला नाही, तेव्हा थोडं हातचं राखून वाचा.

पुण्यात विसर्जनाच्या दिवशी अलका टॉकीजच्या चौकात उभं राहिलात का कधी? लक्ष्मी रोडवरून एक पथक येतं, टिळक रोडवरून दुसरं. आवाज छातीवर आदळत असतो, तरी हे कुठलं आणि ते कुठलं हे डोळे मिटून सांगता येतं. दोन्ही वेगळ्या दिशेने येतात म्हणून. आता तेच दोन्ही एका स्पीकरमधून ऐकवा, चिखल होईल. तुमच्या तालमीत दोन्ही लॅपटॉप मिक्सरमध्ये जाऊन हॉलच्या दोन्ही स्पीकरमधून सारखेच येत असणार. तसं करू नका. प्रत्येकाच्या पाठीमागे त्याचा स्वतःचा एक स्पीकर, त्यातून फक्त त्याचेच आवाज. सव्वाशे माणसांना प्रत्येकी एक बारा इंची पुष्कळ झाला. दोघांमध्ये पाच-सहा मीटर अंतर ठेवा. अगदी डाव्या-उजव्या टोकाच्या खुर्च्या भरू नका. तिथल्या माणसाला एकच पक्ष ऐकू येतो आणि तो घरी जाऊन चुकीची बातमी सांगतो.

दुसरं, जागा वाटून घ्या. खालचे जाड आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकतात, उलट सहसा होत नाही. लोकल, बस, जनरेटर यांचा १२० हर्ट्झच्या खालचा भाग सरळ कापून टाका. ओळख जात नाही आणि निवांतपणाला तळघर मोकळं मिळतं. एकाच वेळी दोघं वाजत असतील तेव्हा हे फार जाणवतं.

तिसरं, फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, तुमच्या हातात नको. माझी दुसरी पडलेली झुंज यामुळेच पडली. दोघेही गुणी पोरं, पण एकाने थोडं वाढवलं की दुसरा वाढवायचा, अर्ध्या तासात दोघेही लाल दिव्यावर. मिक्सरवर तिसरा माणूस बसवा, दोघांना सारखी कमाल मर्यादा द्या, दोन्ही चॅनेलवर लिमिटर लावा, म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाणार नाही. हा तिसरा म्हणजे वायरी जोडणारा पोऱ्या असं समजू नका. त्याला संहिता पाठ हवी. कोण कधी बोलतंय हे सगळ्यांत जास्त त्याला कळलं पाहिजे.

आणि चौथं, माझं लाडकं. निवांतपणाला एक हत्यार द्या जे घाईकडे नाही: थांबवण्याचा हक्क. प्रत्येक बारीत एकदा त्याने हात वर केला की घाईने वाजवणं बंद करायचं, वीस सेकंद. हॉल गप्प. त्या वीस सेकंदांत लोकांना एसी ऐकू येतो, खुर्ची ऐकू येते, बाहेरची दुचाकी ऐकू येते. त्यानंतर आलेली झोपाळ्याची एक करकर सव्वाशे लोकल गाड्यांना भारी पडते. ज्याचा आवाज लहान त्याच्या हातात वेळ दिली की पारडं बरोबरीला येतं. फक्त हॉलचा एसी किती घुमतो ते आधी जाऊन ऐका, आणि तो चालू ठेवूनच ऐका. काही छोट्या हॉलमध्ये तो एवढा गुरगुरतो की तुमचं मौन म्हणजे त्याचं सोलो होतं. तसं असेल तर त्या वीस सेकंदांपुरता तो बंद करता येतो का ते विचारा. बंद होतानाचा तो सुस्कारा फुकटात मिळालेला उत्तम आवाज असतो.

हॉलऐवजी गच्चीवर किंवा अंगणात करायचं मनात आलं तर हिशेब बदलतो. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागात दिवसाही मर्यादा ५५ डेसिबलची आहे, म्हणजे जेमतेम गप्पांएवढी. बंदिस्त सभागृहात आतल्या आत वाजवायला रात्रीच्या त्या बंदीतून सूट आहे. गाण्यांचे तुकडे वापरणार असाल तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि शब्द व चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. जुनी तबकडी सुटली म्हणून गाणं सुटलंच असं नाही. मी तर म्हणेन गाणी टाकूच नका. ओळखीचं गाणं आलं की प्रेक्षक तुमची झुंज सोडून स्वतःच्या कॉलेजात जातो. ओळखीच्या माणसांचे आवाज टिपले असतील तर त्यांना विचारून घ्या. माझ्या एका मावशीने तिचं घोरणं वापरायला परवानगी दिली, पण पहिल्या रांगेत बसवण्याच्या अटीवर.

चाळीस मिनिटं मला जास्त वाटतात. शब्दांशिवाय एवढा वेळ कानाला जागं ठेवणं मुरलेल्यांनाही जड जातं. पंचवीसवर या. पहिली पाच मिनिटं ओळख: दोघं आलटून पालटून, एका वेळी एकच, काहीही न उलटवता. इथे घाई करू नका, घाईवाल्यानेसुद्धा. मग तीन बाऱ्या, पाच-पाच मिनिटांच्या. पहिलीत उत्तरं लांब, समोरचा संपला की मगच. दुसरीत उत्तरं आखूड आणि समोरच्याला मध्येच तोडणारी. तिसरीत सामाईक आवाजांवरची ओढाताण, आणि इथे, फक्त इथे, दोघांनी एकाच वेळी वाजवायला हरकत नाही. एव्हाना प्रेक्षकाला प्रत्येक आवाज तोंडओळखीचा झालेला असतो, त्यामुळे कल्ल्यातही त्याला माणसं दिसतात. तुम्ही तालमीत सुरुवातच इथून केली असणार. उरलेली पाच मिनिटं शेवटाला.

शेवट कसा करावा हे मात्र तुमच्या स्वभावावर. टाळ्यांवर निकाल लावू नका एवढंच सांगेन. मित्र जास्त ज्याचे तो जिंकतो.

आता लोक बघणार काय? दोन माणसं पडद्याकडे डोळे लावून बसलेली असतील तर ती झुंज आहे की ऑफिस, हे कळत नाही. प्रत्येकाने एक खरी वस्तू जवळ ठेवा आणि तिला पिएझोची, म्हणजे वस्तूचा कंप टिपणारी, चकती चिकटवा. घाईकडे स्टीलचा डबा, निवांतपणाकडे झोपाळ्याची कडी. चकतीची वायर साध्या लाइनमध्ये खोचली तर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. साउंडकार्डला गिटारसाठीची जी हाय-झेड खाच असते तिथे द्या, अंग भरून येतो. आणि मध्यभागी, दोघांच्या मधोमध, एक कुकर.

हो, खरा. डाळ-तांदूळ लावलेला. तिसऱ्या बारीच्या सुरुवातीला चालू करायचा. पहिली शिटी कधी होईल हे दोघांपैकी कुणाच्याच हातात नसतं, आणि तिला उत्तर मात्र दोघांनाही द्यावं लागतं. दोन जमलेल्या प्रयोगांपैकी एकात मी हे केलं होतं. हॉलवाल्याला आधी विचारा, रंगमंचावर गॅस बहुतेक कुठेच चालू देत नाहीत. इंडक्शन शेगडी चालते, पण ती शेजारच्या वायरीत गुणगुणते. चकतीची वायर तिच्यापासून दीड-दोन मीटर लांबून न्या. घरी चार वेळा वेळ लावून बघा, भांडं तेच, पाणी तेवढंच. आमच्या प्रयोगात तिसरी शिटी पडली तेव्हा दोघांनीही हात खाली ठेवले होते, आणि मागच्या रांगेतून एक बाई अगदी सहज म्हणाली, "झाला, बंद करा."